व्हर्जिनियात ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ची केस लागली तर: कोकणातल्या घरच्यांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी

मुंबई-गोवा हायवेवर वेगाचं चलन आलं की मोबाइलवरून पैसे भरून माणूस मोकळा होतो. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून मुलाचा चिपळूणला किंवा मालवणला फोन येतो, ‘कोर्टाची तारीख पडलीय’, तेव्हा घरचे सहज म्हणतात, ‘भरून टाक ना दंड.’ ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ची, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवल्याची, ही केस तशी भरून टाकता येत नाही. ती फौजदारी आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्यात वेगमर्यादा ओलांडणं कलम १८३ मध्ये येतं आणि धोकादायक गाडी चालवणं कलम १८४ मध्ये. व्हर्जिनियात नुसता वेगाचा आकडाच माणसाला धोकादायक चालवणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवतो. मर्यादेपेक्षा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, किंवा त्याहून जास्त वेग असला की रेकलेस. मर्यादा कितीही असो, ८५ मैलांच्या पुढे गेलात तरी रेकलेस. हा आकडा २०२० पर्यंत ८० होता. म्हणजे ७० मैलांची मर्यादा असलेल्या इंटरस्टेटवर (राज्यांना जोडणाऱ्या हायवेवर) ८६ पुरेत. रस्ता रिकामा होता, कुणाला धक्का लागला नाही, याने कलम बदलत नाही. शिक्षा जास्तीत जास्त १२ महिने कैद, २,५०० डॉलर दंड आणि ६ महिने लायसन्स निलंबित. शिवाय ६ डिमेरिट पॉइंट (लायसन्सच्या खात्यावर चढणारे दोषाचे गुण), आणि ड्रायव्हिंग रेकॉर्डवर नोंद ११ वर्षं. पहिल्याच केसला सहसा कुणी आत जात नाही, पण वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास असेल तर वकील तुरुंगाची शक्यता गंभीरपणे घेतात.

पोलिसाने थांबवल्यावर समन्सवर सही मागितली तर करावी. ती कोर्टात हजर राहण्याची हमी असते, गुन्ह्याची कबुली नव्हे. मात्र ‘किती स्पीड होता?’ याला ‘ऐंशी-पंच्याऐंशी असेल साहेब’ असं उत्तर दिलं की तेच वाक्य पुढे कोर्टात ऐकायला मिळतं. लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा द्यावा, नम्र राहावं, वेगाबद्दल गप्प बसावं. ‘इथेच मिटवू’ हा विषय तर चुकूनही काढू नये. लाच देऊ करणं हा वेगळा आणि याहून मोठा गुन्हा आहे.

खरं काम तारखेच्या आधीचं. गाडीचा स्पीडोमीटर कॅलिब्रेशनच्या दुकानात रोलरवर तपासून शपथेवरचा अहवाल घ्यावा. असा अहवाल कोर्टाने पुरावा म्हणून घ्यावा आणि दोषी-निर्दोष ठरवताना तसंच शिक्षा ठरवताना विचारात घ्यावा, असं तिथला कायदाच सांगतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो. ५५ च्या रस्त्यावर ७६ ला पकडलेल्याच्या काट्यावर ७१ असू शकतात, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे तो २० मैलांच्या आतच होता. उलट झिजलेल्या टायरवर काटा थोडा जास्तच दाखवतो, तेव्हा अहवालाचा उपयोग नाही. असा अहवाल कोर्टात पुढे करण्याआधी वकिलाला दाखवावा.

पोलिसांच्या बाजूलाही कागद लागतात. वेग मोजणारा रडार तपासायच्या ट्यूनिंग फोर्कचं (ठरावीक कंपनं देणाऱ्या चिमट्याचं), किंवा मागे राहून वेग मोजला असेल तर पोलिसाच्या गाडीच्या स्पीडोमीटरचं प्रमाणपत्र ६ महिन्यांच्या आतलं हवं. ते बघायला मागावं. पोलिसाच्या गाडीतलं चित्रीकरण हवं असेल तर लगेच मागणी करावी, नंतर ते पुसलं जाऊ शकतं. स्वतःच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डची प्रत आणि ८ तासांच्या ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लासचा दाखला आधीच हातात असलेला बरा.

सुनावणी जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, ज्युरीशिवाय. एकाच सकाळी ढीगभर केसेस असतात, त्यामुळे न्यायाधीशांपुढे वेळ फार थोडा मिळतो. ‘बाकीचेही तेवढ्याच वेगात होते’ हा बचाव नाही. उलट आपण वेगात होतो हे त्यात कबूल होतं. त्यापेक्षा रडार कुठून धरला, मध्ये किती गाड्या होत्या, नेमकी हीच गाडी कशी ओळखली, हे पोलिसाला विचारावं. पोलीस आलाच नाही तर केस उडेल यावर विसंबू नये, पुढची तारीखही पडू शकते. इंग्रजीत अडचण असेल तर कोर्टाच्या ऑफिसला आधी कळवून दुभाषी मागता येतो.

बऱ्याचदा निर्दोष सुटण्यापेक्षा आरोप खाली आणणं जास्त शक्य असतं. दोष किरकोळ वाटला तर न्यायाधीश किंवा सरकारी वकील केस ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’ (अयोग्य गाडी चालवणं) या हलक्या आरोपावर आणू शकतात: दंड ५०० डॉलरपर्यंत, ३ पॉइंट, आणि तो फौजदारी गुन्हा राहत नाही. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत वरच्या, म्हणजे सर्किट कोर्टात अपील करता येतं. तिथे खटला पहिल्यापासून नव्याने चालतो, त्यामुळे शिक्षा वाढण्याचीही शक्यता असते.

तारीख आणि गणपतीचं तिकीट एकाच आठवड्यात आलं तर? गैरहजर राहू नका. वकिलामार्फत तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज वेळेत द्यावा. न सांगता गैरहजर राहिलात तर तुमच्या पाठीमागे दोषी ठरवू शकतात आणि अटकेचा आदेशही निघू शकतो.

व्हिसावर असाल तर कबुलीजबाब देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा. व्हिसा अर्जात अटक आणि दोषसिद्धीबद्दल थेट प्रश्न असतो, दंड भरला म्हणून ‘नाही’ लिहिता येत नाही. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जाताना निकालाची कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत सोबत असावी. ती गावी येण्यापूर्वीच काढून ठेवा, रत्नागिरीत बसून मागवायची म्हणजे सुट्टी संपून जाते.