बूट घातलेलं कासव

रविवारी दुपारी पांढरा रस्सा एक वाटी जास्त झाला. दिवाणावर आडवी झाले होते, डोळा लागणार एवढ्यात भाचा ओरडला, "आत्या, हे कासव मला शर्यत लाव म्हणतंय!"

मी ताडकन उठून बसले. टीव्हीवर तोच तो. हिरवी पाठ, पायात बूट, आणि 'बघूया तुझ्यात किती दम आहे' असा भाव. कूपा द क्विक! वीस वर्षांनी भेटला, पण गडी तसाच. माझीच पाठ धरलेली.

'सुपर मारिओ 64' हा त्याचा व्हिडिओ गेम आला 1996 साली. मला तो मिळाला 2003 च्या सुट्टीत, कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका नेट कॅफेत, तेही जुनाट कॉम्प्युटरवर. तासाला वीस रुपये, आणि कीबोर्डचं डावीकडचं बटण निम्म्या वेळा दबायचंच नाही. त्यामुळे माझा मारिओ डावीकडे वळायचा म्हटलं की विचारात पडायचा.

आपल्याला बालवाडीपासून कासव हळू असतं असं शिकवलेलं. इथं कासव स्वतःहून शर्यतीला बोलावतं आणि सुसाट सुटतं. ससा निदान झोपला म्हणून हरला. इथं झोपायची सोय नाही, घसरायची मात्र भरपूर. पूल ओलांडायचा, साखळीला बांधलेल्या त्या जबडेवाल्या गोळ्याला चुकवायचं, मग डोंगराला वेढा घालत वर, शेवटच्या झेंड्यापाशी. वरून काळे गोळे गडगडत येतात. कासव त्यांच्यावरून टुणकन उडी मारतं. मी बरोबर त्यांच्या पुढ्यात. खरं सांगायचं तर या पहिल्या शर्यतीत तो काही फार जोरात पळत नाही. पुढं एका बेटावर पुन्हा गाठ पडते तेव्हा पळतो. इथं हरलं तर माणूस आपल्याच पायानं हरतं, आणि मी पुष्कळ हरले.

मग मला तोफेचा शोध लागला.

त्या मैदानात तोफा आहेत. आत बसायचं, नेम धरायचा आणि थेट डोंगरावर. मी गेले. झेंड्यापाशी कमरेवर हात ठेवल्यासारखी उभी राहिले. कासव आलं, आणि तोंडावर म्हणालं की तू तोफ वापरलीस, हे चालणार नाही. जिंकल्यावर मिळणारा तारा दिला नाही. गंमत म्हणजे तुम्ही तोफेतून उडालात की हा पठ्ठ्या नेहमीपेक्षा जोरात पळतो. लबाडी बघितल्यावर अंगात येतं त्याच्या. बर्फाच्या घसरगुंडीवरचा पेंग्विनही तसलाच, चोरवाट धरली की तारा नाही. (सगळे 120 तारे मिळवले की तो पेंग्विन जाडजूड होतो. याबद्दल मला अलीकडे जास्त आपुलकी वाटते.)

नेट कॅफेत त्या दिवशी मी लाल झाले होते. कोण बघत नव्हतं, तरी. कारण त्याच्या काही वर्षं आधी मी एक शर्यत जिंकले होते.

चुलत्यांचा मोठा मुलगा, आमचा दादा, थंडीत गावाकडून आला होता. पैज लागली रंकाळा तलावाला सायकलनं एक फेरी मारायची. टॉवरपासून सुरुवात, त्यानं एका बाजूनं जायचं, मी दुसऱ्या. हरेल त्यानं कॉकटेल आइस्क्रीम द्यायचं. शालिनी पॅलेसच्या आसपास आमनेसामने आलो तेव्हा तो हसत होता. हसतोय म्हणजे मी मागं आहे, एवढं कळण्याइतकी अक्कल होती. फुलेवाडीकडून येणाऱ्या रस्त्याला लागले आणि समोर उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर मजेत चाललेला. सगळी पोरं ऊस ओढायला तिला लटकायची. मी ऊस ओढला नाही. एका हातानं मागची कड धरली आणि पॅडल मारायचं थांबवलं.

टॉवरपाशी मी आधी पोचले. दादा आला तो घामानं निथळत, त्या थंडीत. "लई भारी पळीवलीस की!" म्हणाला. मग माझ्या स्वेटरच्या बाहीला अडकलेलं उसाचं पातं त्यानं दोन बोटांनी हळूच सोडवलं, कारण ते पातं हात कापतं. त्याच्याकडं बघितलं, खाली टाकलं, आणि आइस्क्रीमवाल्याला म्हणाला, "दोन दे. एकात चेरी जास्त."

बस्स. त्या कासवासारखं तोंडावर बोलला असता तर मी भांडले असते, रडले असते आणि विसरले असते.

तेव्हापासून मला एक खोड आहे. रंकाळ्यावर फिरायला गेले की पुढं चालणारं कोणीतरी हेरते, स्पोर्ट्स शूजवाल्या काकू किंवा कानात वायर घातलेला पोरगा, आणि मनातल्या मनात त्यांच्याशी शर्यत लावते. त्यांना पत्ता नसतो. मागं टाकलं की काहीतरी पदरात पडल्यासारखं वाटतं. मध्ये एक आजोबा होते, काठी घेऊन चालणारे. चार दिवस सापडले नाहीत. पाचव्या दिवशी बाकावर बसलेले दिसले म्हणून पुढं गेले. ते मी धरत नाही.

आमच्या गावात खरी शर्यत बघायची तर अंबाबाईच्या देवळात, किरणोत्सवाला. 9, 10, 11 नोव्हेंबर, आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळता सूर्य महाद्वारातून आत येतो, गरुड मंडप, गणपती चौक, मग कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, आणि तिथून देवीच्या पायांशी. सूर्य बुडायच्या आत पोचायचं असतं. लोक अगदी कॉमेंट्री करतात, "कासव चौकात आली! कासव चौकात आली!" एखाद्या वर्षी हवेत धुरकं असतं आणि किरणं उंबऱ्याशी येऊन विरतात. मग सगळे हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. तिथं ट्रॉली नाही.

हे सगळं डोक्यात आलं आणि मी भाच्याच्या हातातून कंट्रोलर घेतला. "तोफ वापरू का?" त्यानं विचारलं. "वापरून बघ, काय म्हणतोय ते," म्हटलं आणि कंट्रोलर परत दिला.

संध्याकाळी दादाला फोन लावला. एकदा विचारूनच टाकायचं होतं. त्यानं उचलला आणि सुरू झाला. गुऱ्हाळ या वर्षी उशिरा पेटवलं, गुळाला दर नाही, तोडणीला माणसं मिळेनात, डावा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही. मी 'हं, हं' करत राहिले. "तू बोल की," असं तो दोनदा म्हणाला.

"काय नाही, सहज केला," म्हटलं.