जेफरसन स्ट्रीटवरची साधी इमारत

शिकागोत येऊन चार वर्षं झाली, पण २०६ साऊथ जेफरसन स्ट्रीटला आज पहिल्यांदा गेले. तीन मजली, अगदीच साधी इमारत. मी तर आधी पुढेच निघून गेले होते!

इथे ‘वेअरहाऊस’ क्लब होता. हाऊस म्युझिक या नाचाच्या संगीतप्रकाराचं नाव त्यावरूनच पडलं. १९७७ ते १९८२ इथला डीजे फ्रँकी नकल्स. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातले कितीतरी गे. डिस्को मेला म्हणून लोक हात झटकत होते, तेव्हा हा पठ्ठ्या त्याच रेकॉर्डींच्या टेपा कापून, जोडून गाणी लांबवत होता. पुढे ड्रम मशीनचा ठेकाही आला. रीमिक्सरसाठीचं पहिलं ग्रॅमी, १९९८चं, त्यालाच मिळालं.

तो २०१४ मध्ये गेला. हेडफोन लावून फुटपाथवर उभी राहिले. पाय काही ऐकेनात.