उत्तरेच्या भिंतीवरचं भर दुपारचं ऊन

बेलापूरच्या भिंतींची मालिका सुरू करून हा आठवा महिना. या वेळची नोंद लांबणार आहे, कारण मे महिन्यानं सगळ्या कामाची दिशाच बदलून टाकली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नवी मुंबईत, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधल्या बोळांचे मी कृष्णधवल फोटो काढते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेली ही वसाहत. सात घरांमध्ये एक अंगण, अशा तीन गटांमध्ये एक मोठा चौक. घरं सुटी ठेवलेली, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. मूळची उतरत्या कौलांची घरं आता शोधावी लागतात, आणि सहा महिने मी तीच शोधत होते.

तोवर माझा सगळा भर ढगाळ उजेडावर होता. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्यानं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या असं सगळं ढगाळ आभाळाखाली टिपलं, सावलीचा अडथळा नको म्हणून. त्यांची शिस्त मला मनापासून आवडते. पण माझ्या भिंती त्या उजेडात गप्प बसायच्या. गिलावा दिसायचा, पण त्यावर फिरलेला हात दिसायचा नाही.

मग शून्य सावलीच्या दिवसाचा विचार डोक्यात आला. आपल्याकडे 15-16 मे आणि पुन्हा 27-28 जुलै या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये ती वेळ बेलापूरला दुपारी 12:34 च्या आसपासची. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या भिंतीला भर दुपारचं ऊन मिळतं ते वर्षातून एवढंच. त्यातला बराचसा काळ पाऊस खातो. म्हणजे खात्रीचे दिवस उरतात मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. इतकी वर्षं नेरूळला राहून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

16 मेला बारा वाजताच तिपाई लावून बसले. निकाल साफ फसला. भिंत राखाडी, सपाट, ढगाळ दिवसापेक्षाही मऊ. घरी येऊन कागदावर आकृती काढली तेव्हा कारण कळलं. सूर्य डोक्यावर असताना किरण भिंतीला समांतर जातात, भिंतीवर जवळजवळ पडतच नाहीत. जमिनीवर मात्र पूर्ण ऊन असतं, आणि फरशीवरून उसळलेला उजेड खालून भिंतीवर येतो. सावल्या तोच पुसून टाकतो.

उपाय दोन केले. मंडपवाल्याकडून काळं सुती कापड भाड्यानं आणून बोळात अंथरलं. आणि जूनची वाट पाहिली. 5 जूनला मध्यान्हीचा सूर्य सरळ डोक्यावरून साधारण साडेतीन अंश उत्तरेला कललेला असतो. एवढा कल पुरतो. त्या उजेडात भिंतीवरचा 1 सेंमीचा उंचवटा खाली 16 सेंमी लांब सावली टाकतो! थापीचा प्रत्येक वळ, सेंटरिंगच्या फळीचा ठसा, गिलाव्याची फुगलेली खपली, सगळं नकाशावरच्या डोंगररांगांसारखं उठून येतं.

पण याच हिशेबानं 45 सेंमीचा छज्जा सात मीटर सावली टाकतो, म्हणजे त्याच्याखालची भिंत पूर्ण अंधारात. कौलांची पागोळी तेच करते. मी ज्या मूळ घरांच्या मागे होते ती या उन्हासाठी बादच झाली. वाढवलेल्या घरांच्या, वरपर्यंत सपाट चढलेल्या आंधळ्या भिंती कामाच्या ठरल्या. मला हे फार पटलं. या भिंतींवर जुना तळमजला आणि नंतर चढवलेला मजला यांच्या सांध्याची एक आडवी रेघ असते. कोरियांना घर वाढायला हवं होतं, आणि ते कुठून वाढलं हे ती रेघ दाखवते.

बोळ जेमतेम दोन मीटरचा. कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत कलतात, आणि कॅमेरा न झुकवता चौकट वर सरकवणारी शिफ्ट लेन्स माझ्या आवाक्यात नाही. म्हणून तिपाई स्टुलावर चढवली, कॅमेरा ओळंब्यात उभा धरला, 16 मिमीच्या रुंद लेन्सनं टिपलं आणि खालचा अर्धा भाग छाटला. 24 मेगापिक्सेलचे 12 उरतात. ए3 प्रिंटला इंचाला 240 पिक्सेल मिळतात, मॅट कागदावर ते पुरेसे आहेत. छाटण्याचा संकोच मला आता वाटत नाही. छायाचित्रकार ल्यूसिएँ एर्वेनं वास्तुरचनाकार ले कॉर्ब्युझिएच्या इमारतींचे फोटो कात्रीनं कापूनच घडवले.

स्टूल त्या घरच्या काकूंनी दिलं. कापड अंथरलेलं बघून आधी त्या घाबरल्या होत्या. "अगं, भिंतीला तडा गेलाय का?" मी स्क्रीनवर फोटो दाखवला. बराच वेळ बघून त्यांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एवढा भाग ह्यांनी स्वतः लिंपलाय. गवंडी दोन दिवस आलाच नाही." खरंच, तेवढ्या भागात थापीची दिशा वेगळी आहे. मला ती दिसली नव्हती.

आता मुद्द्याचं: सरळ धरा किंवा उलटी, दोन्ही वेळा घरच वाटेल अशी फ्रेम मला हवी होती. प्रिंट उलटी धरली की उंचवटे खड्डे होतात. डोळा उजेड वरूनच येतोय असं धरून चालतो. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी 1988 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सावलीवरून आकार ओळखण्याबद्दल लिहिलं, त्यातली बारीक गोष्ट अशी की हे 'वर' डोक्याच्या हिशेबानं ठरतं, जमिनीच्या नाही. खात्री करायला आईनं प्रिंट सरळ ठेवून स्वतःची मान खाली घातली, आणि भिंत आत गेली.

पण चौकटीत पाण्याचा पाइप आला की खेळ संपतो. पाइप बाहेरच असतो हे माहीत असल्यामुळे डोळा भिंतही बाहेर ठेवतो. पाइप, खिडकी, वायर, सगळं काढलं तर उलटापालट उत्तम होते, पण मग ती इमारत राहत नाही, नुसता पोत उरतो. चौदा फ्रेम्स या दोन्ही टोकांना गेल्या. एकच मधली सापडली: सांध्याची रेघ वरच्या तिसऱ्या भागात, बाकी फक्त गिलावा. सरळ धरली तर वरचा मजला पुढे आलेला दिसतो, उलटी धरली तर त्या जागी खोबण दिसते. दोन्ही वेळा ते घरच वाटतं.

ही फ्रेम पक्की. पूर्वेच्या भिंतींवरही मध्यान्हीआधी चाळीस मिनिटं करून पाहिलं. उजेड जास्त, काम सोपं, पण सावल्या आखूड. ते फोटो बाजूला ठेवलेत.

काळं कापड परत केलेलं नाही. 20 ते 28 जुलै रोज साडेबाराला बोळात असेन, पाऊस उघडला तर ओल्या गिलाव्यावर हेच ऊन कसं पडतं ते बघायचंय. ठाण्यात कुणाला वरपर्यंत सपाट, उत्तरमुखी भिंत माहीत असेल तर आत्ताच सांगा. ऑगस्ट उजाडला की मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला गेलेला असेल.