झेडला काहीच होत नाही, आणि तेच तर हवंय

शनिवारी रात्री सीएमएसच्या (जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण-टक्कर यंत्रावरच्या एका मोठ्या डिटेक्टरच्या) ओपन डेटामधला डायम्यूऑनचा एक सॅम्पल उघडून बसलो, प्रोटॉन-प्रोटॉन टक्करींचा, दोन म्यूऑनच्या (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोडीचं वस्तुमान काढायचं आणि हिस्टोग्राम लावायचा एवढंच काम होतं. अर्ध्या तासात होईल म्हणून बसलो आणि अडीच तास गेले. पहिला प्लॉट आला तो नुसता डावीकडे एक डोंगर आणि पुढे सपाट मैदान. एक तर दोन्ही म्यूऑनचा चार्ज विरुद्ध पाहिजे ही अटच मी टाकली नव्हती, आणि वर दोन्ही अक्ष साधे ठेवले होते, लॉग केलेच नव्हते. ते केल्यावर मात्र एकेक शिखर वर आलं, ३.१ जीईव्हीला (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) जे-साय, म्हणजे चार्म आणि प्रतिचार्म क्वार्कची जोडी, साडेनऊच्या आसपास अप्सिलॉनचं कुटुंब, म्हणजे बॉटम-प्रतिबॉटमच्या जोड्या, आणि पार उजवीकडे ९१ ला दुर्बल बलाचा वाहक झेड बोसॉन, एकटाच, बाकीच्यांशी घेणं ना देणं असल्यासारखा.

हे सगळं लिहायला घेतलं ते त्या ‘घेणं ना देणं’ मुळेच. कारण शिशाच्या अणुकेंद्रांच्या टक्करींमध्ये झेडचा हाच स्वभाव सगळ्यात उपयोगी पडतो, आणि बातम्यांमध्ये त्याला कुणी विचारत नाही, तिथे फक्त ‘छोटा बिग बँग’ आणि तापमानाचे आकडे असतात.

थोडं मागे जातो. एलएचसीमध्ये वर्षातले बरेच महिने प्रोटॉन फिरतात आणि बहुतेक वर्षी शेवटी थोडे आठवडे शिसं. शिशाच्या एका अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे २०८ कण घेऊन एक गठ्ठा दुसऱ्या तशाच गठ्ठ्यावर आदळतो. नोव्हेंबर २०१० मध्ये हे पहिल्यांदा झालं, प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागे (न्यूक्लिऑन म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) २.७६ टीईव्ही, म्हणजे २७६० जीईव्ही, ऊर्जेला. समोरासमोर नीट आदळले तर आतले प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळल्यासारखे होतात आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे त्यांच्या आतले क्वार्क आणि त्यांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन यांचं मोकळं द्रव, तयार होतो, त्यासाठी तापमान सुमारे १.८ लाख कोटी केल्विनच्या वर जावं लागतं, सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट. आणि हे टिकतं किती, तर प्रकाशाला शिशाचं एक अणुकेंद्र ओलांडायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढंच. मग थंड होऊन हजारो साधे कण बाहेर उडतात आणि डिटेक्टरला दिसतात ते फक्त हे उडालेले कण.

म्हणजे प्रॉब्लेम असा की ज्या गोष्टीचा अभ्यास करायचाय ती कुणाला कधीच दिसत नाही. बाहेरून त्यात काही घालून बघावं म्हटलं तर तेवढा वेळ नाही. त्यामुळे प्रोबसुद्धा, म्हणजे प्लाझ्मा चाचपणारा कणसुद्धा, त्याच टक्करीत, प्लाझ्मा बनायच्या आधी, तयार झालेला पाहिजे, आणि मग तो प्लाझ्मातून जाताना त्याचं काय झालं ते बघायचं.

इथे जड क्वार्क, म्हणजे चार्म आणि बॉटम, कामाला येतात. चार्मचं वस्तुमान साधारण १.३ जीईव्ही, बॉटमचं ४.२ च्या आसपास. प्लाझ्माचं तापमान याच भाषेत सांगायचं तर जीईव्हीच्या काही दशांश भागांएवढं, म्हणजे चार्मची जोडी नुसत्या उष्णतेतून जन्माला येणं जवळपास अशक्य. जे काही चार्म-बॉटम आहेत ते पहिल्या फटक्यालाच झालेले, नंतर त्यात भर नाही. आणि जोरदार आंतरक्रिया, म्हणजे क्वार्कना बांधणारं बल, फ्लेवर (क्वार्कचा प्रकार) बदलू शकत नाही, त्यामुळे चार्म हा शेवटपर्यंत चार्मच राहतो, धक्के खाईल, ऊर्जा गमावेल, पण ओळख गमावणार नाही. हलक्या क्वार्कबद्दल असं म्हणता येत नाही, हा आधीचा की प्लाझ्मात नंतर झालेला, कोण सांगणार.

बरं, त्याने ऊर्जा गमावली हे कसं कळणार? हिशोब सोपा आहे, निदान कागदावर तरी. प्रोटॉन-प्रोटॉनमध्ये असे किती कण होतात ते मोजा, शिशाच्या एका मध्यवर्ती टक्करीत न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑनच्या साधारण सोळाशेच्या वर टकरी होतात म्हणून तेवढ्याने गुणा, आणि प्रत्यक्ष शिशात किती मिळाले त्याला या संख्येने भागा. या गुणोत्तराला आर-ए-ए म्हणतात. एक आलं तर शिसं म्हणजे नुसती प्रोटॉन टकरींची बेरीज, कमी आलं तर वाटेत काहीतरी खाल्लं गेलं. एलएचसीवर मध्यवर्ती टक्करींत, आठ-दहा जीईव्ही आडव्या संवेगाच्या (झोताला काटकोनातल्या संवेगाच्या) आसपास, डी मेसॉनचा, म्हणजे चार्म क्वार्क असलेल्या कणाचा, आकडा ०.२ च्या जवळ येतो. पाचातले चार गायब! म्हणजे खरं तर गायब नाही, ते ऊर्जा हरवून खालच्या बिनमध्ये, म्हणजे कमी संवेगाच्या रकान्यात, जाऊन बसलेत.

पण आता जरा शंकेखोर होऊन बघा. तो सोळाशेचा आकडा कुठून आला? तो कुणी मोजलेला नाही, अणुकेंद्राच्या आकाराचं एक मॉडेल घेऊन काढलेला आहे. तो चुकला असेल तर? किंवा शिशाच्या आतला प्रोटॉन मोकळ्या प्रोटॉनसारखा नसेलच, त्यात ग्लुऑनच कमी असतील, आणि चार्म मुळातच कमी जन्माला येत असेल तर? मग प्लाझ्माने काही खाल्लंच नाही आणि आपण उगाच त्याच्या नावाने बोंब मारतोय.

अशा वेळी झेड येतो. झेडला रंगभार (विद्युतभारासारखाच, पण जोरदार आंतरक्रियेचा भार) नाही, म्हणजे जोरदार आंतरक्रियेच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. तयारही पहिल्याच फटक्यात होतो आणि आयुष्य इतकं कमी की प्लाझ्मा धड जमायच्या आत तो मोडलेला असतो. शंभरातले तीन-साडेतीन वेळा तो दोन म्यूऑनमध्ये मोडतो, आणि म्यूऑनलाही रंगभार नाही, त्यामुळे ते दोघं त्या सगळ्या रणधुमाळीतून चिखलातून चालावं आणि पायाला चिखल लागू नये तसे सरळ बाहेर येतात. सीएमएसच्या पहिल्या शिसे-रनमधल्या एका टक्करीचं चित्र मला अजून आठवतं, मधोमध हजारो रेषांचा केसांच्या गुंत्यासारखा पुंजका आणि त्यातून निघून बाहेरच्या थरांपर्यंत गेलेल्या दोनच लांब रेषा. त्या पहिल्या रनमध्ये सीएमएसला एकूण ३९ झेड मिळाले, एलएचसीवरच्याच अॅटलास डिटेक्टरला ३८. फक्त एवढे! पण एवढ्यावरसुद्धा दिसलं की एरर बारच्या मर्यादेत आर-ए-ए एकच्या आसपास आहे, आणि पुढे हजारो झेड जमल्यावर ते पक्कं झालं.

झेडला काहीच झालं नाही, हा त्या मोजणीच्या पेपरचा निकाल. मला हा निकाल प्रचंड आवडतो. कारण तोच सोळाशेचा आकडा, तेच शिसं, तोच डिटेक्टर वापरून झेड पूर्ण भरला आणि डी मेसॉन पाचातले चार कमी भरले, म्हणजे खोट तराजूत नाही. अमेरिकेतल्या आरएचआयसी या टक्कर यंत्रावर सोन्याच्या टक्करींमध्ये हेच काम आधी फोटॉनने केलं होतं, पायॉन (हलक्या क्वार्कचे कण) पाचपट कमी आणि थेट फोटॉन जसेच्या तसे.

अर्थात ‘काहीच’ हा शब्द थोडा सैल आहे. झेडचा विद्युतभार असलेला भाऊ डब्ल्यू बोसॉन घ्या. शिशात न्यूट्रॉन जास्त, म्हणजे डाउन क्वार्क जास्त, म्हणून प्रोटॉनच्या हिशोबाने बघितलं तर ऋण डब्ल्यू जास्त मिळतात आणि धन डब्ल्यू कमी. याचा प्लाझ्माशी काही संबंध नाही, ही आत जाण्याआधीचीच गोष्ट आहे, पण म्हणूनच कामाची, शिशाच्या आत क्वार्क कसे वाटलेले आहेत ते त्यातून कळतं. आणि २०२१ मध्ये तर सीएमएसने दाखवलं की काठाकाठाने घासून गेलेल्या टक्करींमध्ये झेडचा आकडासुद्धा एकच्या खाली घसरतो, आणि त्याचं कारण टक्करी निवडण्यात आणि भूमितीत आहे. म्हणजे तराजू तपासायला आणलेल्या वजनाने तराजूची एक बारीक खोट खरंच पकडून दिली.

परत जड क्वार्ककडे. इथे थिअरीवाल्यांची एक छान फजिती झालेली आहे. जड क्वार्क ग्लुऑन सोडतो तेव्हा आपल्या दिशेच्या अगदी जवळच्या कोनात सोडू शकत नाही, वस्तुमान भागिले ऊर्जा एवढ्या कोनाच्या आत बंदी, याला डेड कोन (मृत शंकू) म्हणतात. त्यामुळे २००१ च्या सुमारास अंदाज होता की चार्म आणि बॉटम हलक्या क्वार्कपेक्षा बरीच कमी ऊर्जा गमावतील. मग आरएचआयसीवर चार्म-बॉटमच्या विघटनातून येणारे इलेक्ट्रॉन मोजले तर ते जवळजवळ पायॉनइतकेच दबलेले. सगळे डोकं खाजवायला लागले. नुसतं ग्लुऑन सोडणं पुरत नाही, साध्या धक्क्यांतूनसुद्धा भरपूर ऊर्जा जाते हे गंभीरपणे घ्यावं लागलं. डेड कोन मात्र खोटा नव्हता, एलएचसीवरच्या अॅलिस प्रयोगाने तो २०२२ मध्ये थेट दाखवला, पण प्रोटॉन टक्करींमध्ये. आणि बॉटम वेगळा काढून बघितल्यावर तो चार्मपेक्षा कमी दबलेला निघाला, म्हणजे वस्तुमानाचा क्रम शेवटी दिसलाच.

वेगळा काढून म्हणजे कसं, तर हेही भारी आहे. डी-शून्य मेसॉन त्याच्या स्वतःच्या घड्याळाने मोडायच्या आत प्रकाश १२३ मायक्रॉन जातो, बॉटम क्वार्क असलेल्या बी मेसॉनसाठी हे साडेचारशेच्या पुढे. केसाच्या जाडीच्या हिशोबातली ही अंतरं आहेत. टक्कर जिथे झाली त्या बिंदूपासून एवढंसं सरकून दोन ट्रॅक एकत्र येतात का, हे हजारो ट्रॅकच्या गर्दीत सिलिकॉनच्या पिक्सेलने शोधायचं. जे लोक या पिक्सेलच्या नेमक्या जागा ठरवण्याचं, म्हणजे अलाइनमेंटचं, काम करतात त्यांचं नाव बातमीत कधी येत नाही.

आणि चार्म फक्त दबत नाही, तो वाहतोसुद्धा. अर्धवट आदळलेल्या टक्करीत प्लाझ्मा बदामाच्या आकाराचा असतो, तो एका दिशेला जास्त जोरात फुगतो, आणि डी मेसॉन त्या दिशेला जास्त निघतात. एवढा जड क्वार्क प्रवाहाबरोबर खेचला जातो म्हणजे हे द्रव किती घट्ट धरून ठेवणारं असेल बघा.

अप्सिलॉनची गोष्ट वेगळीच. १९८६ मध्ये मात्सुई आणि साट्झ यांनी म्हटलं होतं की प्लाझ्मात रंगभार झाकला जातो आणि चार्म-प्रतिचार्मची जोडी एकमेकांना धरून राहू शकत नाही, म्हणून जे-साय कमी होतील. एलएचसीवर जे-सायने जरा गोंधळ घातला, कारण एका मध्यवर्ती टक्करीत चार्मच्या इतक्या जोड्या असतात की शेवटी सुटलेले दोघं नव्याने भेटून परत जे-साय बनवतात, आणि मग आरएचआयसीपेक्षा ऊर्जा जास्त असून दबलेपण कमी! बॉटम कमी असतात म्हणून तिथे चित्र जास्त स्वच्छ. अप्सिलॉनच्या तीन अवस्था, पहिली घट्ट बांधलेली, दुसरी सैल, तिसरी अगदीच सैल, आणि शिशात दबतातही त्याच क्रमाने. माझ्या शनिवारच्या प्लॉटमध्ये बिन लहान केल्यावर तिन्ही खांदे दिसतात. सीएमएसचा शिशाचा प्लॉट शेजारी ठेवला की पहिलं शिखर खुजं, दुसरं जेमतेम, आणि तिसरं कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

पुढची गंमत टॉपची, म्हणजे सगळ्यात जड क्वार्कची, आहे. २०२४ मध्ये अॅटलासने शिशाच्या टक्करींमध्ये टॉप क्वार्कच्या जोड्या बघितल्याचं जाहीर केलं, सीएमएसला २०२० मध्येच पुरावा मिळाला होता. टॉप लगेच मोडतो, त्यातून डब्ल्यू निघतो, तो मोडून दोन क्वार्क निघतात, आणि ही साखळी थोडा वेळ खाते. टॉप जेवढा वेगवान तेवढा उशीर, आणि ते दोन क्वार्क सुरुवातीला एकमेकांचा रंग झाकून असल्यामुळे प्लाझ्माला आणखी थोडा वेळ दिसतच नाहीत. म्हणजे वेगवेगळ्या वेगाचे टॉप घेतले तर प्लाझ्माच्या वेगवेगळ्या वयाला चाचपता येईल. बाकीचे सगळे प्रोब सुरुवातीपासून शेवटपर्यंतची बेरीज सांगतात, हा एकटाच उशिरा पोचतो. आत्ता मिळालेल्या जोड्या त्यासाठी फारच कमी आहेत, अजून भरपूर शिसं आदळावं लागणार.

सीएमएसने २०१० आणि २०११ चा शिशाचा डेटाही उघडा केलाय. आता विरुद्ध चार्जची अट आधीच टाकून ठेवलीय, बघू ९१ ला किती जमतात.