सर्वानुमते

परवा एका पुस्तक प्रकाशनानंतर चहा चालला होता. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "ज्यांच्या हातून लिहून होत नाही ना, ते साहित्य संस्थेच्या कमिटीवर जातात." ते मला उद्देशून बोलले नव्हते, तरी लागलं. तिथं मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहायला घेतलंय.

गेली पाच वर्षं मी सोलापुरातल्या एका साहित्य संस्थेची कार्यवाह होते. शाळेत मराठी शिकवते, सुट्टीत एखादी कथा होते. कार्यकारिणीवर आले ती अध्यक्षांच्या फोनमुळं. "तुमचं अक्षर चांगलं आहे, इतिवृत्त लिहाल का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. नुसतं लिहायचं असेल म्हणून मी हो म्हटलं.

आम्ही अकरा जण. गणपूर्तीला पाच लागतात. माझ्या पहिल्या सभेला चौघंच आले. पाचव्यांचा फोन आला, "आज आमच्याकडं पाणी आहे की ओ, भरून येतो." सोलापुरात राहणाऱ्याला यावर काही सांगावं लागत नाही. चार-पाच दिवसांनी नळ येतो, तेव्हा टाकी सोडून कवितेला कोण जाणार? मी वहीत लिहिलं, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब." पुढं पाच वर्षांत हे वाक्य किती वेळा लिहिलं, मोजलं नाही. त्या अर्ध्या तासात अध्यक्ष पिशवीतून नवोदितांची हस्तलिखितं काढायचे. प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. प्रत्येक हस्तलिखिताला ते हातानं पत्र लिहितात, किमान दोन पानं. कुठली ओळ जमली, कुठली उसनी वाटते, पुढं काय वाचावं, सगळं. त्या पत्रांची नोंद फक्त माझ्या जावक वहीत आहे, तीही तारीख आणि गावाचं नाव एवढीच. करकंब, मैंदर्गी, नातेपुते, माढा. मैंदर्गीच्या एका मुलीनं ते पत्र लॅमिनेट करून घेतलं होतं. तिनं मला ते दाखवलं तेव्हा मला भरून आलं.

सोलापुरात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं ते १९४१ साली, वि. स. खांडेकर अध्यक्ष होते. नंतर २००६ साली झालं तेव्हा अध्यक्ष मारुती चितमपल्ली, म्हणजे याच गावात १९३२ साली जन्मलेले. २००६ला मी मांडवात श्रोत्यांमध्ये होते. व्यासपीठाकडं बघत बसले. सतरंज्या कुणी अंथरल्या, पाहुण्यांना स्टेशनावरून कुणी आणलं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. आता कुठल्याही कार्यक्रमाला गेले की आधी मागं वळून बघते, दारापाशी कोण उभं आहे ते.

आमच्याकडं दारापाशी उभे असतात ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले सदस्य. अभंगासारख्या चालीच्या कविता करतात आणि त्या क्वचितच वाचतात. त्यांनी मला खुर्च्या लावायला शिकवलं. हॉल शंभराचा असला तरी आधी चाळीसच मांडायच्या, बाकीच्या भिंतीला एकावर एक लावून ठेवायच्या. माणूस येईल तशी खुर्ची काढायची. "पोरगं पहिल्यांदा कविता वाचायला उभं राहतंय मॅडम, त्याला रिकामी खुर्ची दिसू द्यायची नाही." सत्तरीतला माणूस, कार्यक्रम संपेपर्यंत स्वतः कधी बसलेला मी पाहिला नाही.

कार्यक्रमाची तारीख ठरवणं हे एक वेगळंच काम. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वज निघाले आणि गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरला की गावात दुसरं काही करू नये. एप्रिल-मे उन्हाचा, संध्याकाळी सातच्या आत कुणी बाहेर पडत नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्या आठवड्यात हॉल मिळत नाही आणि वक्ता तर त्याहून मिळत नाही. पुण्याचा पाहुणा हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो तो रात्री. त्याला आणायला कोषाध्यक्षकाका स्कूटर घेऊन स्टेशनवर. गाडी उशिरा असली तरी ते घरी परत जात नाहीत. सत्काराला शाल नाही, आपली सोलापुरी चादर. पाहुणे म्हणतात, बॅगेत मावत नाही हो. मावते, आमचे कंडक्टर घडी घालून देतात.

दोष आहेतच, आणि ते मी लपवणार नाही. वर्षानुवर्षं तीच माणसं फिरून फिरून पदावर येतात. मी आले तेव्हा अकरांत आम्ही दोघी बायका, आणि प्रत्येक कार्यक्रमात आमच्या वाट्याला एक तर सूत्रसंचालन नाही तर आभार. अशोक चौकाच्या पलीकडं, पूर्व भागात, घरी तेलुगू बोलणारी आणि मराठीत लिहिणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. या गावात कन्नड आहे, उर्दू आहे. आमचं काव्यवाचन मात्र कायम गावाच्या एकाच अंगाला व्हायचं. दुसऱ्या वर्षी मी ते पूर्व भागातल्या एका शाळेत घ्यावं असा विषय मांडला. तीन सभा वाद झाला. एक ज्येष्ठ सदस्य रागावून उठून गेले. शेवटी कार्यक्रम झाला. एका मुलीनं तिथं आईच्या विडीच्या सुपावर कविता वाचली, सुरुवातीच्या दोन ओळी तेलुगूत, पुढं मराठी. रागावलेले ज्येष्ठ मागच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन करून त्या मुलीचा पत्ता मागितला आणि आपल्या घरची निम्मी कवितेची पुस्तकं रिक्षानं तिच्याकडं पाठवली. यंदा ती मुलगी कार्यवाह झाली आहे.

पण मला खरं सांगायचं आहे ते कोषाध्यक्षकाकांबद्दल.

काका गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडल्यावर अनेक वर्षं एका दुकानात हिशेब लिहिले. संस्थेचे पैसे डाव्या खिशात, स्वतःचे उजव्या, यात कधी चूक नाही. रद्द झालेली पावतीसुद्धा पुस्तकाला टाचून ठेवतात. माझ्या तिसऱ्या वर्षी दिवाळीत त्यांचा कथासंग्रह आला. वीस वर्षं लिहिलेल्या नऊ कथा. त्यातली एक मी कधी विसरणार नाही: गिरणीचा भोंगा वाजायचा बंद झाल्यावरही एक म्हातारी पहाटे चारला उठून पहिल्या पाळीच्या भाकरी थापते, मुलगा त्या फडक्यात बांधून घेतो आणि दिवसभर पार्कावर जाऊन बसतो. दोघांनाही सगळं माहीत असतं. माझे सासरे गिरणीतच होते, त्यामुळं असेल, पण ती कथा वाचून मी भांडी तशीच टाकून बसून राहिले.

आमची संस्था दरवर्षी जिल्ह्यातल्या एका पुस्तकाला पुरस्कार देते. रक्कम पाच हजार, पण जिल्ह्यात त्याला मान आहे. पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झालेलं हवं. त्या नोव्हेंबरच्या सभेत विषय आला, कार्यकारिणीतल्या लेखकांची पुस्तकं विचारात घ्यायची का? दोघा-तिघांचं म्हणणं पडलं, परीक्षक बाहेरचे आहेत, मग अडचण काय? सगळ्यांच्या मनात काकांचंच पुस्तक होतं, हे उघड होतं. मीही घ्यावं याच बाजूची होते आणि तसं बोललेही.

काका उभे राहिले. ते सभेत एरवी उभे राहत नाहीत. म्हणाले, "चेकवर सही माझी आणि नावही माझंच? बरं दिसतं का ओ मॅडम?" मग त्यांनीच ठराव मांडला. कार्यकारिणी सदस्यांची पुस्तकं मुदत संपेपर्यंत पुरस्कारासाठी घेऊ नयेत. अनुमोदन द्यायला कुणी पुढं होईना. शेवटी कंडक्टरांनी हात वर केला, मान खाली घालून.

मी वहीत लिहिलं: "ठराव सर्वानुमते मंजूर." इतिवृत्ताची रीतच तशी आहे, कोण काय बोललं ते लिहीत नाहीत, काय ठरलं ते लिहितात. त्या वर्षी पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांचं पुस्तक चांगलंच होतं. त्यांचा चेक काकांनी लिहिला, नाव दोनदा तपासलं, आणि चादरीची घडी स्वतः नीट केली.

नवी कार्यकारिणी झाली की बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. मागच्या वेळी त्या सह्यांसाठी मी काकांच्या स्कूटरवर मागं बसून अख्खं गाव पालथं घातलं होतं, जुळे सोलापूर, होटगी रोड, बाळे. यंदा वार्षिक सभेच्या आधी त्यांच्या घरी गेले. टेबलावर नव्या पुस्तकाची मुद्रितं होती, लाल पेननं तपासलेली. मी म्हटलं, "काका, या वेळी पद नको म्हणा. पुस्तक यंदाच येतंय." त्यांनी मुद्रितं बाजूला सारली, हिशेबाची वही ओढली. "ऑडिट अर्धं राहिलंय. नव्या माणसाला यातलं काय कळणार? आणि ती पोरगी कार्यवाह होतीय, तिला सांगायला कुणीतरी पाहिजे की."

सभेत कोषाध्यक्षपदासाठी नाव सुचवा म्हटल्यावर हॉलमध्ये कुणी बोलेना. सगळे माझ्याकडं बघत होते. काका पावतीपुस्तकं मोजत होते.

माझ्या हातचं शेवटचं इतिवृत्त असं आहे: "कोषाध्यक्षपदी विद्यमान कोषाध्यक्षांची फेरनिवड सर्वानुमते करण्यात आली." सूचक म्हणून नाव माझं आहे. पुस्तक दिवाळीत येतंय.