‘पोलिसांकडून लेखी आणा’: भावाच्या बातमीचा खुलासा छापून घेताना

माझ्या थोरल्या भावाचा गेल्या वर्षी खून झाला. खटला कोर्टात आहे, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही. लिहितेय ते बातमीबद्दल. दुसऱ्याच दिवशी आमच्या भागात घरोघरी येणाऱ्या पेपरात चार कॉलमी मथळा होता: ‘अनैतिक संबंधातून व्यापाऱ्याचा खून?’ ते प्रश्नचिन्ह ध्यानात ठेवा.

खून झाला होता भिशीच्या पैशांवरून. दादा भिशी चालवायचा. ज्यानं उचल घेऊन हप्ते थांबवले होते, तोच आठवड्याच्या आत पकडला गेला. अटकेची बातमी आतल्या पानावर एका कॉलमात आली. आधीच्या मथळ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दहाव्याला घाटावर बायका वहिनीकडे बघून कुजबुजत होत्या. दुकानात हिशेबाला एक बाई होत्या, नवरा वारलेला. बातमीत कुणाचं नाव नव्हतं, म्हणून गावानं आपल्या मनानं त्यांचं भरलं. त्या कामावर यायच्या बंद झाल्या आणि पुढं मुलीला घेऊन माहेरी निघून गेल्या. आमच्या घरात निदान माणसं होती एकमेकांना धरून बसायला. त्यांच्या बाजूनं बोलायला कोण होतं?

पेपरच्या जिल्हा कचेरीत गेले. उपसंपादक सभ्यपणे बोलले, तेच जास्त खुपतं. ‘तालुक्याच्या बातमीदारानं पाठवलंय, त्याला पोलिसांनी सांगितलं.’ कुठल्या पोलिसांनी? ‘ते सांगता येत नाही. तुम्ही पोलिसांकडून लेखी आणा की असं काही नव्हतं, उद्याच्या उद्या छापतो.’ आणि मी उठता उठता: ‘शिवाय मॅडम, आपण प्रश्नचिन्ह टाकलंय. आपण तसं म्हटलेलंच नाही.’

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला, तेवढं कबूल करते. तपास अधिकारी म्हणाले, ‘ताई, आमच्यातलं कुणी असं बोललेलं नाही.’ मग एवढंच एका ओळीत लिहून द्या, म्हटलं. ‘तपास चालू असताना देता येत नाही. दोषारोपपत्र होऊ द्या, त्यात कारण येतंच.’ पोलिसांनी पत्रकारांना काय सांगावं याची नियमावली करा, असं सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या गृह मंत्रालयाला सांगितलंय. मी तो कागद पुढं केला. त्यांनी चाळला आणि परत दिला. ‘बरोबर आहे. पण आम्ही बोललोच नाही ना.’

म्हणजे पेपरला बोट दाखवायला पोलीस, पोलिसांना बोट दाखवायला दोषारोपपत्र. आता यातली खरी मेख बघा. खुनाच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राला ९० दिवसांची मुदत असते, आणि आमच्या प्रकरणात ते लवकर येण्याचं काही लक्षण नव्हतं. दैनिकातल्या बातमीविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करायची मुदत मात्र दोन महिने. चॅनेलवाल्यांच्या संघटनेचा नियम तर आणखी भारी: प्रक्षेपणापासून सात दिवसांत आधी चॅनेलकडेच तक्रार करायची. सात दिवस! आमच्याकडे दहावासुद्धा व्हायचा असतो. अफवा छापायला एक रात्र पुरते. ती खोटी आहे याचा कागद मात्र घरच्यांनी आणायचा, आणि तो मिळेपर्यंत तक्रारीची मुदत संपलेली.

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तपासाला बाधा येईल म्हणून नकार. रोज पुण्याहून ऑफिस करून, शनिवारी एसटी पकडून त्याच दोन पायऱ्या चढत होते. दर वेळी समोर नवीन माणूस, आणि दर वेळी ‘नेमकं काय झालं होतं?’ पासून सुरुवात. दादा कसा गेला हे मी किती अनोळखी लोकांना काउंटरपाशी उभं राहून सांगितलं असेल, देव जाणे. त्या दिवसांत नोएडाचं २००८ चं आरुषी तलवार खून प्रकरण सारखं आठवायचं. पोलिसांनी घरातला नोकर हेमराज याला संशयित ठरवून त्याचा शोध चालवला होता, पेपरांनी तेच छापलं, आणि त्याच घराच्या गच्चीवर हेमराजचाच मृतदेह सापडला. त्याच्या घरच्यांनी कुणाकडून लेखी आणायचं होतं?

सुटका झाली ती दुसऱ्याच एका पेपरच्या तरुण बातमीदारामुळे. तो म्हणाला, ‘ताई, अहो लेखी आहेच की. त्या दिवशीची प्रेसनोट.’ आमच्या जिल्ह्यात पोलिसांची रोजची प्रेसनोट सगळ्या पत्रकारांच्या ग्रुपवर येते. त्यानं मोबाइलमध्ये शोधून तिथंच मला पाठवली. दादाच्या नावापुढं स्वच्छ लिहिलं होतं: ‘कारण : अद्याप समजून आले नाही.’ मी तिथंच कट्ट्यावर बसले. तुमच्यावर अशी वेळ आली तर (येऊ नये) पहिल्यांदा ही प्रेसनोट मिळवा. ती ठाण्यात मागू नका, पत्रकाराकडे मागा.

पुढचं सरळ होतं. प्रेस कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकाला पत्र जावंच लागतं, ते रजिस्टर एडीनं पाठवलं. मग तक्रार: कात्रण, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, बातमीचं इंग्रजी भाषांतर, आणि तक्रारीतल्या विषयावर, म्हणजे या बातमीबद्दल, कोर्टात काही चालू नाही असं घोषणापत्र. त्यामुळे बदनामीचा दावा लावायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला. दावा कोर्टात असताना कौन्सिल त्यात हात घालत नाही. गेलेल्या माणसाची बदनामीही कायद्यात बसते, हे मला वकिलानंच सांगितलं. उशीर झाला असेल तर कारण लिहा, अध्यक्ष तो माफ करू शकतात. कौन्सिल दंड करत नाही, फक्त समज देते, ताशेरे ओढते. पण नोटीस गेल्यावर त्याच उपसंपादकांचा फोन आला, ‘मॅडम, मजकूर तुम्हीच पाठवता का?’ पाठवला. त्यातल्या चार ओळी आल्या, राशिभविष्याच्या खाली. मी त्या कापून हिशेबाच्या बाईंना पोस्टानं पाठवल्या.

भाच्याचं सांगायचं राहिलं. तो तेरा वर्षांचा, घटनेच्या वेळी दुकानातच होता. त्याचा रडतानाचा चेहरा एका यूट्यूब चॅनेलनं दाखवला आणि ती लिंक त्याच्याच वर्गाच्या ग्रुपवर फिरली. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम लिहून तक्रार केली तेव्हा व्हिडिओ उडाला. इथं कुणी लेखी आणा म्हणालं नाही.

बातमीचं ई-पेपरचं पान तारखेसकट पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा, पोर्टलवरचे मथळे मागाहून गुपचूप बदलतात. पोर्टलच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं. त्यानं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा असा २०२१ चा नियम आहे. आमची बातमी जशीच्या तशी उचललेल्या एका पोर्टलवर तो मथळा अजून आहे, प्रश्नचिन्हसुद्धा काढून टाकलेला. तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलेला ईमेल परत येतो. परवा पुन्हा पाठवलाय.