ज्या पानाचा पत्ता मला सांगता आला नाही

शनिवार, रात्र

आज वाचनगटात कादंबरीकार भालचंद्र नेमाड्यांवरून चांगलंच जुंपलं. घरी येऊन दोन तास झाले, जेवण झालं, तरी डोक्यात तेच चालू आहे. म्हणून वही उघडली.

सुरुवात झाली ती आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलापासून. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने नेमाड्यांची ‘कोसला’ ही पहिली कादंबरी पहिल्यांदाच वाचली होती. म्हणाला, “काका, पुस्तक चांगलं आहे, पण मला तो पांडुरंग सांगवीकर सहन झाला नाही. बापाच्या पैशावर पुण्यात राहतो, अभ्यास करत नाही आणि वर सगळ्या जगाला नावं ठेवतो.” मला हे लागलं. त्याच्याच वयाचा असताना मी हे पुस्तक वाचलं होतं आणि कोणीतरी आपल्या मनातलं ओळखलं असं वाटून रात्रभर जागा राहिलो होतो. आज त्याच वयाचा मुलगा समोर बसून सांगत होता की यात मी कुठेच नाही.

मग ज्याला जे सुचेल ते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ पुरस्कारांवर गेले. १९९० चा साहित्य अकादमी, २०१४ चं ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं चौथं. आता आणखी काय हवं? यावर ताई बोलल्या. (ताई म्हणजे आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका, मराठीच शिकवायच्या.) “मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ चं, खांडेकरांचं. त्या धाटणीचं लेखन नेमाड्यांना अजिबात मान्य नाही. मग हा पुरस्कार तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करताय?” ते गप्प बसले. मीही. मुद्दा बिनतोड होता.

आमच्यातल्या एक बाई कथा लिहितात. त्यांचा राग वेगळा आणि जुना आहे. नेमाड्यांनी लघुकथेला कायम दुय्यम प्रकार ठरवलं, हे त्या विसरू शकत नाहीत. साहित्य संमेलनांवर त्यांनी टीका केली त्याचं या बाईंना काही वाटत नाही, पण कथेचं वाटतं. “आयुष्यभर ज्याच्यावर मेहनत केली ते मुळातच हलकं आहे असं कोणी म्हटलं, तर त्याचं पुस्तक मी कोणत्या मनानं उघडू?” त्यांचा आवाज कापत होता.

आणि मी चिडलो. चढ्या आवाजात म्हणालो की माणूस काय बोलतो ते बाजूला ठेवा, पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते ती पानं वाचा, मराठीत मरणाबद्दल इतकं खरं फार थोड्यांनी लिहिलंय. ताईंनी शांतपणे पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. “कोणती पानं? काढून दाखवा. वाचा इथे.”

मला ती सापडेनात. पुढे चाळलं, मागे चाळलं. सगळे वाट पाहत होते. शेवटचं हे पुस्तक मी वाचलं त्याला वीस वर्षं होऊन गेली असतील. इतकी वर्षं मी ज्याची बाजू घेऊन भांडत होतो ती माझी आठवण होती. पुस्तक हातात होतं आणि मला त्यातलं एक पान काढता येत नव्हतं.

रविवार, संध्याकाळ

सकाळपासून ‘कोसला’. पहिल्यापासून, एकही पान न गाळता.

१९६३ चं पुस्तक. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे, आणि सांगणारा पांडुरंगही पंचवीस वर्षांचा. वीस वर्षांचा असताना मला ही कथा मोठ्या भावाची वाटली होती. आज ती मुलाची वाटली. त्यामुळे काल त्या पोराने जे म्हटलं ते आज मलाही दिसलं. पांडुरंग वडिलांना जे बोलतो ते वाचताना पहिल्यांदाच मी वडिलांच्या बाजूला उभा राहिलो. पण म्हणून पुस्तक उणं ठरतं असं मला वाटत नाही. पांडुरंग आवडावा म्हणून लिहिलेलाच नाही. तो स्वतःला वाचवत नाही, आपली फजिती आपणच सांगतो, पदवी न घेता गावी परततो तेही सांगतो. त्या मुलाला जे खटकलं ते त्याला नेमाड्यांनीच दाखवलं आहे, हे त्याला सांगायला हवं होतं. काल सुचलं नाही.

पांडुरंगाच्या तोंडी सतत येणाऱ्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांबद्दल आजवर इतकं बोललं गेलंय की ते ऐकून कान किटले. पण सलग वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हे शब्द पांडुरंगाची ढाल आहेत. कशाचीही झळ लागायच्या आधी तो ‘वगैरे’ म्हणतो आणि बाजूला होतो. मेस, मित्र, गॅदरिंग, प्राध्यापक, सगळं या ढालीआडून. आणि मग धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. तिथे ती ढाल पुरत नाही. मघापर्यंत सगळ्याची टर उडवणारा हाच मुलगा आता कोणाला काय विचारतोय, कोणावर संतापतोय, त्याचं त्यालाच कळत नाही. मी वाचत होतो आणि मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. वीस वर्षांपूर्वीही ठेवलं होतं. फरक एवढाच की तेव्हा का, ते कळलं नव्हतं.

पान सापडलं. कागदाची खूण घातली आहे.

दुपारी आणखी एक गोष्ट मनात आली आणि मी उठून फेऱ्या मारायला लागलो. कथेला कमी लेखणाऱ्या लेखकाचं मला सगळ्यात जवळचं लेखन एका कथेच्याच बेताचं आहे. मनीचा भाग वेगळा काढून छापला, तर कोणीही त्याला कथाच म्हणेल. कथा लिहिणाऱ्या बाईंना लगेच फोन करून हे सांगावं असं वाटलं. मग थांबलो, कारण हे पुरतं खरं नाही. आधीच्या हॉस्टेलच्या रिकाम्या गप्पा, तो सगळा वेळकाढूपणा वाचून कान त्या ‘वगैरे’ला सरावले नसते, तर ही पानं अशी लागली असती का? नसती. म्हणजे इथपर्यंत पोचायला कादंबरीच लागते, ही नेमाड्यांची बाजू. आणि पोचल्यावर जे हाताला लागतं त्याला कथेची घट्ट वीण आहे, ही बाईंची बाजू. मला यातली कुठलीच सोडवत नाही. पण कथा हा प्रकारच दुय्यम, हे मत मात्र मी आता मान्य करणार नाही, ते कोणाचंही असो. काल मी ‘बोलणं बाजूला ठेवा’ म्हणालो, ते चुकलं. ज्यांना ते बोलणं लागलं आहे त्यांना असं सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

मंगळवार

रात्री नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही कादंबरी काढून बसलो. २०१० साली आली तेव्हा पहिल्या आठवड्यात विकत घेतली होती आणि अर्ध्यावर सोडली होती. हे गटात मी कधी बोललो नव्हतो. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव, वडील मरणाला टेकलेत म्हणून घराकडे निघतो, तिथपासून शेती, जाती, सण, भांडणं, पुराणं, सगळंच. काही पानं अशी आहेत की खानदेशातलं शेत तळपायाला लागतं. आणि काही ठिकाणी खंडेरावचं बोलणं इतकं पसरतं की बाकी माणसांचे आवाज त्याच्याखाली दबतात. नावातच ‘समृद्ध अडगळ’ आहे, लेखकाने ती ठरवूनच मांडली आहे, हे मला कळतं. पण अडगळ ठरवून मांडली तरी वाचणाऱ्याला तिच्यातून वाट काढावीच लागते आणि मी दमलो. हे मला प्रामाणिकपणे लिहून ठेवायचं आहे. मधली चांगदेव पाटीलची पुस्तकं, ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’, मला आजही जास्त भरवशाची वाटतात. गावोगावची कॉलेजं, स्टाफरूममधली जातीची गणितं, भाड्याच्या खोल्या बदलत फिरणारा मास्तर. ही पुस्तकं १९७५ ते १९७९ मधली आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भांडण नेहमी पहिल्या पुस्तकावर नाहीतर सगळ्यात जाड पुस्तकावर होतं.

ताईंचा एक आक्षेप मात्र पिच्छा सोडत नाही. त्या निघताना चपला घालता घालता म्हणाल्या होत्या, “तुमच्या या लेखकाच्या पुस्तकांत बायका कुठे बसतात ते बघा एकदा.” बघितलं. ‘कोसला’तलं जग मुलग्यांच्या खोल्यांचं आहे. वसतिगृहात राहणारा त्या काळचा मुलगा सांगतोय, तर दुसरं काय दिसणार, असं स्वतःला समजावलं. पण चांगदेव तर मोठा आहे, मास्तर आहे. तिथेही सगळं पुरुषाच्या नजरेतूनच येतं.

गुरुवार, रात्र

ताईंना फोन केला. पान सापडलं एवढंच सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे ते पान. पाठ आहे जवळजवळ.”

मग त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहितो. त्यांची धाकटी बहीण देवीने गेली, ताई आठ वर्षांच्या असताना. अंथरुणाभोवती कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, मोठ्याने बोलायचं नाही, देवी घरात आल्यात म्हणून. आई रात्रंदिवस डहाळीने वारा घालत बसलेली. ताईंना त्या खोलीत जाऊ देत नव्हते. कॉलेजात असताना त्यांनी ‘कोसला’ हातात घेतली आणि त्या पानांवर आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

“ते खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “इतकं खरं आहे म्हणूनच माझी तक्रार आहे. भावाचं दुःख त्याने एवढं लिहिलं. डहाळी हातात धरून बसलेल्या बाईला आतून लिहिणारं कोणी मला पुढे भेटलंच नाही. मी चाळीस वर्षं शिकवताना शोधत होते.”

मला काही बोलता आलं नाही. नेमाड्यांनी ते लिहायला हवं होतं, असंही त्या म्हणत नव्हत्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या मुलाला देवी म्हणजे काय ते कळलं होतं का. नव्हतं कळलं. शनिवारी त्याने मला हळूच विचारलं होतं, देवळातली देवी आणि बहिणीचं मरण यांचा काय संबंध. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं; त्याच्या घरात तो शब्द त्या अर्थाने कोणी उच्चारलाही नसेल. मी त्याला एका वाक्यात सांगून मोकळा झालो होतो.

“मग या शनिवारी ती पानं मोठ्याने वाचू,” ताई म्हणाल्या. मी म्हटलं, मी वाचतो.

“नको. मी वाचते. आणि नंतर त्याला आमच्या घरातलं सांगते.”